पाळण्यातले धोंडे

तारूला अजून धड बसता येत नव्हतं. उशी लावून टेकवली तरी जराशानं ती एका बाजूला कलंडायची, आणि कलंडल्याचंही तिला हसू यायचं. आणि हुंग्याचं म्हणणं होतं की ही पोरगी पाखरबेटांच्या पार आतल्या पाण्यात जाऊन आली आहे.

केतकीनं पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. मानवी अंश. स्त्री. सर्वेक्षक के. कुबल यांच्याशी बरोबर निम्मा जुळतो.

बाईचा अंश आणि बरोबर निम्मा, म्हणजे एकतर आई, नाहीतर लेक. केतकीची आई कराडला होती आणि समुद्र दिसला की आजही दोन पावलं मागं सरकायची. उरलं कोण? तारूचं नाव नुसतं मनात आलं आणि कुडता छातीपाशी ओला झाला. पाजायची वेळ झालेली नव्हती, पण दुधाला घड्याळ कुठं कळतं.

हुंग्याचं कागदोपत्री नाव जलवाचक. पिवळाधमक, मोठ्या सुरमईएवढा, पुढं तोंड आणि मागं पंखा. मोरवणवाडीतल्या बायकांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो किनाऱ्यालगत तोंड उघडमीट करत चालला होता, जणू प्रत्येकीच्या टोपलीचा वास घेतोय. तेव्हापासून तो हुंग्या झाला, आणि कचेरीतसुद्धा तेच नाव रुळलं.

नाव चुकीचंही नव्हतं. समुद्रात जो कोणी राहतो, तो आपलं काहीतरी पाण्यात सांडत असतो. खवल्याचा कण, अंगावरचा चिकटा, विष्ठा, अंडी. अशा प्रत्येक कणात त्या जिवाची एक चिठ्ठी असते, त्याच्या डीएनएची. ती चिठ्ठी पाण्यात थोडेच दिवस टिकते, मग पाणीच तिच्या चिंध्या करतं. हुंग्या पाणी गिळतो, गाळतो, चिठ्ठ्या तिथल्या तिथं वाचतो आणि कोणाच्या किती सापडल्या ते कळवतो. मासा दिसलाच पाहिजे असं नाही. तो नुकताच इथून गेला एवढं पुरे. तारू खोलीत नसली तरी केतकीला दुपट्याच्या वासावरून ती आत्ता इथं होती हे कळायचं, तसंच.

पाखरबेटांत दुसरा उपायच नव्हता. लहानमोठ्या खडकाळ बेटांचा तो नुसता गुंता. मधून साप गेल्यासारख्या चिंचोळ्या वाटा, प्रत्येक वाटेत पाण्याची ओढ निराळी. एकाच खडपाच्या या अंगाला प्रवाळ, तर त्या अंगाला गाळ. पाणबुडे उतरवून मोजणी करायचे दिवस होते तेव्हा गढूळ पाण्यात त्यांना स्वतःचा हात दिसायचा नाही, मासे काय दिसणार. हुंग्यानं त्या सगळ्या गुंत्याचा नकाशा काढला होता, कुठं काय जगतंय त्याचा. आणि त्या नकाशात सगळ्यांत गजबजलेली जागा होती मधोमध. चारी बाजूंनी खडप, आत शांत पाणी, तळाला वाळू. बाहेर लाटा फुटत असल्या तरी आतलं पाणी आपलं झोका दिल्यासारखं हलतं. वाडीतले लोक त्याला पाळणा म्हणायचे. झोक्यावरूनच म्हणत असतील, असं केतकीनं लग्न होऊन इथं आल्यापासून धरलं होतं. त्या वाळूच्या मध्यावर दगडांचा एक उंचवटा होता. त्यावर प्रवाळ, कालवं, आणि त्यांच्या आडोशाला गोबऱ्या नि तांबोशी माशांची पिल्लं, शेवंडं. समुद्राची बालवाडीच.

दोन वर्षांपूर्वी सागरी प्राधिकरणानं, म्हणजे केतकीच्याच खात्यानं, पाळण्यात माणसाला बंदी केली. आणि बंदीनंतर पाळणा सुधारायचा सोडून उतरणीला लागला होता. मोठे मासे होते, पण नवं प्रवाळ, कालवांची कोवळी पिढी, यांच्या चिठ्ठ्या दर हंगामात कमी. प्राधिकरणानं त्यावरून काढलेला अर्थ सोपा होता. लोक चोरून जात असणार. तेव्हा आता बंदी नुसत्या पाळण्याला पुरणार नाही, बेटांमधल्या सगळ्या वाटाच बंद करायच्या. शुक्रवारी त्यावर जनसुनावणी होती. वाटा बंद झाल्या तर मोरवणच्या छोट्या होड्यांना दर्या गाठायला सगळ्या बेटांना वळसा घालावा लागणार होता, उघड्या लाटांतून. म्हणजे वाडीनं जाळी गुंडाळून ठेवायची. केतकीच्या नवऱ्याची, रुपेशचीही.

वाचायची एकच पळवाट कायद्यात होती. त्या पाण्यात पूर्वापार माणसाचा वावर आहे हे सिद्ध झालं, तर वाडीचा हक्क शाबूत राहील. पण सर्वेक्षणाच्या अहवालात माणसाच्या खुणेपुढं प्रत्येक वेळी एकच शब्द होता. निरंक.

असणारच. जगभरची रीतच तशी. पाण्याच्या नमुन्यात माणसाच्या चिठ्ठ्या हटकून येतात, नमुना घेणाऱ्याच्या शिंकेपासून गावाच्या सांडपाण्यापर्यंत. म्हणून यंत्र आधी माणूस वजा करतं आणि मग मोजायला बसतं. वजाबाकी बंद करायचा हुकूम मागच्याच आठवड्यात आला होता, बंदी मोडणारे हुडकायला. इतके दिवस माणूस कचऱ्यात जमा होता, आता चोरांत जमा झाला. आणि पहिल्याच फेरीत सापडलेली चोर सात महिन्यांचीही नव्हती.

“दूषित नमुना,” मागून तिचे वरिष्ठ निमकर सर म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले ते तिला कळलंच नव्हतं. “बाळाची लाळ तुझ्या ओढणीला, ओढणी हुंग्याच्या तोंडाला. होतं असं. लिहून सही कर, मोकळी हो.”

“ताडून बघायला कोऱ्या पाण्याचा नमुना सोबत होता, सर. त्यात काही नाही. आणि माझ्याकडून लागलं असतं तर सगळीकडे सारखं सापडलं असतं. हे बघा ना, कडेला विरळ, आणि उंचवट्याकडे जावं तसं दाट होत गेलंय. उगम तिथंच आहे.”

निमकरांनी चष्मा काढून पुसला. तारूच्या बारशाला चांदीचे वाळे घेऊन आलेला हा माणूस. वाईट बोलायचं झालं की तो आधी चष्मा पुसायचा.

“मग तुझ्या घरातून कोणीतरी बंदी मोडलीय. त्या घराचा परवाना जातो, होडी जप्त होते. आणि ती नोंद तू स्वतः करायची, नाहीतर लपवलीस म्हणून नोकरी जाते. केतकी, तू शास्त्रज्ञ आहेस हे मला माहीत आहे. आईपण आहेस, एवढीच आठवण करतोय. दूषित नमुना. दोनच शब्द.”

“शुक्रवारपर्यंत द्या मला.”

“सुनावणीत विचारतील.”

“तिथंच सांगेन मग.”

* * *

सासूबाई मागच्या पडवीत कालवं फोडत बसल्या होत्या. शेवंती कुबल, वाडीची शेवंतीकाकी. हात असे चालायचे की शिंपीला आपण उघडलो हे नंतर कळावं. आत तारू झोळीत निजली होती.

“आई, तारूला तुम्ही पाळण्यात नेलंत?”

“पाळण्यातच निजला हा ता. बघ जा.”

“दर्यातल्या पाळण्यात.”

हात थांबले. “कोणी सांगल्यान तुका?”

“हुंग्यानं.”

“शिरा पडो तेच्या तोंडार!”

“त्याला तोंडाशिवाय दुसरं काही नाहीच, आई. खरं सांगा.”

शेवंतीकाकींनी फोडलेलं कालव वाटीत टाकलं, हात पदराला पुसले. “चेडवाक कशाक नेतलंय? तेची नाळ नेलंय.”

केतकी तिथंच उंबऱ्यावर बसली. तारूची नाळ वाळून पडली तेव्हा सासूबाईंनी ती डबीत ठेवलेली तिनं पाहिली होती. मे महिना संपत आला होता, पावसाळ्यासाठी होड्या झापांनी शाकारून झाल्या होत्या. परसात पुरतील कधीतरी, असं समजून ती विसरूनही गेली होती. तिच्या माहेरी परसातच पुरतात.

“तुमच्या घाटार पुरतत जमिनीत,” शेवंतीकाकी म्हणाल्या. “आमची जमीन खंयची? आमचा सगळा दर्यात. करवंटीत तांदूळ घालूचे, तेच्यार नाळ, वर फडक्याची गाठ. धोंड्याक बांधूची आणि पाळण्यात सोडूची. पाऊस सरान दर्या शांत झालो की. सगळ्या पोरांची सोडलेली आसा. रुपेशची मी सोडलंय.”

“साध्या दगडाला?”

“साधो कसो? माहेरचो धोंडो. पोराच्या आवशीच्या माहेरचो. पोराची एक नाळ हंय असता, एक थंय. धोंडो थंयचो होयो.”

“मग तारूला? माझ्या माहेरचा दगड कुठून आणलात?”

शेवंतीकाकींनी पुन्हा कालव उचललं, सुनेकडे न बघता. “तुझ्या आवशीन हाडल्यान. बाळंतपणाक इली तेवा. किस्नेतलो.”

केतकीला ती पिशवी आठवली. वर डिंकाचे लाडू, खाली काहीतरी जड. रुपेश उचलायला गेला तर आईनं त्याच्या हातून ओढून घेतली होती, “राहू द्या जावईबापू, लाडू फुटतील.” समुद्राला भिणारी तिची आई, घाटाखाली पहिल्यांदाच मुक्कामाला आलेली, कृष्णेचा गोटा लाडवांखाली दडवून घेऊन आली होती. आणि या दोघी विहिणी एकमेकींशी धड चार वाक्यंही बोलत नाहीत असं केतकी समजत होती.

“मला कोणीच विचारलं नाही,” ती म्हणाली. “माझी मुलगी, माझं माहेर. आणि मीच त्या पाण्याची नोकरी करते.”

“तुका इचारला असता तर तू नको म्हटला असतंस. आणि तू नको म्हटल्यार माका गप बसूक लागला असता. म्हणान इचारूक नाय.”

केतकीला रडायला येत होतं आणि हसूही. आत तारूनं कूस बदलली, झोळीची दोरी करकरली. दोघींनी एकदमच मान वळवली.

आणि तशी मान वळलेली असतानाच केतकीला तो उंचवटा दिसला. म्हणजे हुंग्यानं वर्षानुवर्षं पाठवलेली त्याची चित्रं. तिनं मोबाइल काढला. कडेचे दगड, ज्यांच्यावर अजून प्रवाळ पूर्ण चढलेलं नव्हतं. एक काळाकुट्ट, घाटाच्या कातळाचा. एक जांभ्याचा, लाल, भोकाभोकांचा. एक पांढरा, गारेचा. एकाची दुसऱ्याशी ओळख नाही. भूशास्त्राच्या तज्ज्ञांनी त्यावर शेरा मारला होता की, हे जुन्या बुडालेल्या जहाजाचं तळभरण. जहाज डोलू नये म्हणून बंदराबंदरांतून भरलेले दगड; जहाज कुजून गेलं, दगड राहिले. वाक्य इतकं नेटकं होतं की त्यावर कोणी पुन्हा विचारच केला नाही.

तिनं पडदा सासूबाईंपुढं धरला. “आई, आमचे लोक म्हणतात इथं जहाज बुडालंय.”

शेवंतीकाकींनी डोळे बारीक करून पाहिलं.

“कसला जहाज?” त्या म्हणाल्या. “बायकामाणसा आसत ती.”

* * *

प्रवाळाचं पिल्लू जन्मतं तेव्हा टाचणीच्या टोकाएवढं असतं आणि पाण्यात वाहत असतं. कालवाचंही तसंच. त्याला आयुष्यात एकदाच एक गोष्ट लागते, धरून बसायला काहीतरी कठीण, स्वच्छ, ताजं. वाळूवर ते बसू शकत नाही, वाळू सरकते. जुन्या दगडावर आधीच गर्दी असते. पाळण्याचा तळ नुसती वाळू. तिथं काही उगवायचं कारणच नव्हतं. पण पिढ्यान्‌पिढ्या, दर हंगामात, वरून नवे दगड येत गेले. प्रत्येक पावसाळ्यात वाळूनं खालचे थोडे गिळले, आणि प्रत्येक हिवाळ्यात बायकांनी वर थोडे ठेवले. म्हणून तो उंचवटा वाळूच्या वर राहिला होता. निसर्गाचा अनमोल ठेवा म्हणून प्राधिकरणानं ज्याला कुंपण घातलं, तो माहेरच्या दगडांचा ढीग होता. आणि ज्या दिवशी कुंपण घातलं त्या दिवसापासून तो वाळूत बुडायला लागला होता.

“बंदीनंतर कोणीच नाही गेलं?” तिनं विचारलं.

“गेली तीनचार जणी. चोरून. बाकीचे धोंडे बसलेहत वाट बघत. जा, फिरान बघ वाडीत.”

केतकी तारूला कडेवर घेऊन फिरली. एरवी रोज याच वाटेनं जायची, पण दगड कधी दिसले नव्हते. एका तुळशीपाशी नदीतला गुळगुळीत गोटा, त्याला हळद लागलेली. एका दाराला अडणा म्हणून लावलेला जांभ्याचा चिरा. नयना तांडेलच्या ओसरीत तिचा दीड वर्षाचा झील एका करड्या धोंड्यावर बसून भात खात होता. “तेचोच आसा,” नयना हसून म्हणाली. “दर्यात जाईना, म्हणान मेलो तेच्यारच बसान खाता.” हसता हसता तिनं तोंड फिरवलं.

रुपेश संध्याकाळी आला तेव्हा केतकीनं सगळं सांगितलं. तो जाळ्याची गाठ सोडवत ऐकत होता.

“दूषित नमुना म्हटलंस तर?”

“तर होडी वाचेल. नोकरी वाचेल. आणि तारू कचऱ्यात जाईल. तिच्याआधीचे सगळे गेले तसे.”

रुपेशनं गाठ सोडवली, सुटलेला दोरा गुंडाळला. “परवान्यार नाव बापाशीचा होता माझ्या,” तो म्हणाला. “पण त्या पाण्यार नाव आवशीचा आसा. बोल तू काय बोलूचा ता.”

* * *

सुनावणी चक्रीवादळ निवाऱ्याच्या हॉलमध्ये होती. पुढं टेबल, टेबलामागं प्राधिकरणाच्या अध्यक्षबाई, बाजूला निमकर. वाडी जमिनीवर. केतकी कर्मचाऱ्यांच्या खुर्चीत, मांडीवर तारू, कारण तारू आज कोणाकडेच राहायला तयार नव्हती.

अध्यक्षबाईंनी अहवाल वाचला. शब्द स्वच्छ होते, आवाजात उर्मटपणा नव्हता. जैवविविधता घटते आहे. चोरटा मानवी प्रवेश हे कारण. सबब सर्व जलमार्ग बंद करण्याचा प्रस्ताव. पूर्वापार वापराच्या दाव्याबाबत, आजवरच्या सर्वेक्षणात मानवी खूण निरंक.

“बाये,” मागून शेवंतीकाकी उठल्या, “एकदा सांगतास माणूस येऊकच नाय. मग सांगतास माणूस चोरून येता. माणूस येता काय नाय येता, ता आधी ठरवा. तवसर आमी बसताव.”

हॉल हसला. अध्यक्षबाईंनी केतकीकडे पाहिलं. “ताज्या फेरीत एक मानवी नमुना आला आहे. सर्वेक्षकांचं त्यावर काय म्हणणं?”

निमकर चष्मा पुसायला लागले.

केतकी उभी राहिली. तारूनं माइकची वायर पकडली, ती सोडवावी लागली. “नमुना दूषित नाही,” ती म्हणाली. “ती माझी मुलगी आहे. हीच.”

तारूनं आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे ओळखून एक जोरदार आवाज काढला.

मग केतकीनं सांगितलं. नाळ, करवंटी, माहेरचा दगड. भिंतीवर चित्रं लावली, काळा, लाल, पांढरा. दगड वाळूत कसे रुततात, नवं प्रवाळ फक्त नव्या दगडावर कसं धरतं, आणि नवे दगड कधी थांबले. एका बाजूला बंदीची तारीख, दुसऱ्या बाजूला घसरणारी रेघ. “अहवालात निरंक लिहिलंय, कारण आम्ही माणूस मोजायच्या आधीच वजा करतो. मूळ नमुने आमच्याकडे आहेत. वजाबाकी उठवली तर त्यात उंचवट्यापाशी तीनचार वेळा माणसाच्या खुणा आहेत. पावसाळ्यानंतरच्या. कोणाच्या, ते मी काढलेलं नाही आणि काढणारही नाही. तेवढं काम मला यंत्राला सांगायचं नाही.”

“म्हणजे तुम्ही गुन्हेगारांना पाठीशी घालताय,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“त्यांना तुम्ही खुणेत शोधताय, मॅडम. त्या समोर बसल्यात.”

हे शेवटचं वाक्य ठरवून आलेलं नव्हतं, आपण सगळ्यांना फासावर चढवलं की काय, असं केतकीला वाटून गेलं.

मागून बांगड्या वाजल्या. एक तरणी बाई पोराला खांद्यावर टाकून उभी राहिली. “एक माझ्या झिलाची आसतली. मागच्या कार्तिकात सोडलंय. माझा नाव लिवा.”

“माझ्या चेडवाची,” दुसरी.

“माझ्या नातवाची. सून तयार नव्हती, मीच गेल्लंय. सुनेचा नको, माझा लिवा.”

“काकी, मी कधी तयार नव्हतंय?” सून भडकली. “तुमीच सांगलास, बाळंतीण आसस, गप बस!”

“मगे दोघींची लिवा.”

शेवंतीकाकी सगळ्यांत शेवटी उठल्या. “माझी दोन लिवा. रुपेशची जुनी, आणि ह्या चेडवाची नवी.”

नयना तांडेल उठली आणि ताठ उभी राहिली. “माझा लिवू नको,” ती म्हणाली. “मी कायदो पाळलंय. दीड वर्स धोंडो घरात ठेवलंय. दर्याचा भला होतला म्हणान सांगलास, म्हणान पाळलंय. आता सांगा, भला झाला?”

अध्यक्षबाईंनी भिंतीवरच्या घसरत्या रेघेकडे पाहिलं. हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं. शेवटी त्या म्हणाल्या की ही माहिती वरिष्ठांकडे जाईल, प्रस्तावाचा निर्णय तूर्त राखून ठेवला आहे. पाळण्याची बंदी मात्र कायम. कोणी आत गेलं तर गुन्हा दाखल होईल आणि परवाने रद्द होतील. आणि सर्वेक्षक कुबल यांनी आपलं ओळखपत्र जमा करावं.

केतकीनं गळ्यातलं कार्ड काढलं. तारूला ते चावायला हवं होतं, म्हणून निमकरांना ते थोडं ओलं झालेलंच मिळालं.

“मूर्ख मुलगी,” ते हळूच म्हणाले. कार्ड त्यांनी खिशात ठेवलं, चष्मा मात्र पुसला नाही. “उद्या सकाळच्या ओहोटीला हुंग्या पाळण्यात सोडायचा आहे. वजाबाकी बंद ठेवूनच. वरचा हुकूम आहे, मी काय करणार? जे सापडेल ते नोंदवणं भाग आहे मला.”

* * *

निमकरांचं बोलणं रात्रीतच घरोघर पोचलं होतं. सकाळी किनाऱ्यावर होड्या लागल्या तेव्हा कोणी कोणाला हाक मारली नव्हती. बायका आपापले धोंडे घेऊन आल्या, नाळेची करवंटी बांधून. कोणी कडेवर, पोरासारखा. कोणी डोकीवर चुंबळ ठेवून. नयनाचा झील आपल्या बसायच्या धोंड्यासाठी भोकाड पसरून रडत होता, त्याला चणे देऊन गप केलं. ज्यांना माहेरी जाऊन दगड आणायची सवड कधी झाली नव्हती त्या रिकाम्या हातांनीच होड्यांत चढल्या.

“परवानो जातलो,” एक म्हातारा रुपेशला म्हणाला.

“जाऊंदे,” रुपेशनं होडी ढकलली. “वाटच बंद झाली तर परवानो काय भिंतीक लावचो?”

बेटांमधल्या वाटेनं होड्या एकामागून एक आत शिरल्या. खडपं ओलांडली आणि लाटांचा आवाज मागं राहिला. पाळणा तसाच होता, हळू हलणारा, हिरवट. गस्तीची लाँच तोंडाशी उभी होती. कर्ण्यातून आवाज आला, “हे संरक्षित क्षेत्र आहे! परत फिरा! परत फिरला नाहीत तर नावं लिहून घेतली जातील!”

“लिवन घे!” शेवंतीकाकींनी हाताचा कर्णा केला. “शेवंती बाबाजी कुबल! माहेर बांदा!”

“नयना तांडेल! माहेर रेडी!”

नावावर नाव, माहेरावर माहेर. लाँचवरच्या पोलिसाला पहिली दोन लिहून होईस्तोवर दहा ओरडली जात होती. शेवटी त्यानं कर्णा खाली ठेवला आणि नुसता बघत राहिला. त्याच्याही आईचा धोंडा कुठंतरी असेलच.

बायकांनी धोंडे सोडले. टाकले नाहीत. दोन्ही हातांनी पाण्याला लावून, पोराचं नाव घेऊन, अलगद सोडले. प्रत्येक दगडामागं थोडे बुडबुडे वर आले आणि मग पाणी पुन्हा झुलायला लागलं.

केतकीजवळ सोडायला काही नव्हतं. तिच्या माहेरचा गोटा आधीच खाली होता, कृष्णेचा, लाडवांखालून आलेला. तिनं ओढणी रुपेशकडे दिली आणि होडीच्या काठावरून पाण्यात उतरली. पाणी थंड होतं. दूध दाटलं होतं, ते पाण्यात गेलं असेल, किती ते कोण मोजणार. मोजणारा होता म्हणा. काठ धरून तिनं पाण्यात डोकं घातलं आणि डोळे उघडे ठेवून खाली पाहिलं. गढूळ हिरव्यात काहीच दिसलं नाही. तरी ते सगळे तिथं होते, एकमेकांवर, एकमेकांना धरून, कातळ आणि जांभा आणि गार.

“हाडतंय हां!” शेवंतीकाकींनी तारूला बगलांत धरून होडीबाहेर झुकवलं. तारूचे वाळे घातलेले पाय पाण्याला लागले. आधी ती दचकली. मग तिनं दोन्ही पाय असे काही मारले की आजी, आई, बाप, सगळे भिजले.

तेवढ्यात खडपाआडून पिवळं काहीतरी सरकत आलं. हुंग्या. होड्यांच्या मधून, बायकांच्या हातांखालून, नव्या दगडांवरून फिरत तो केतकीपाशी येऊन थांबला. त्याचं गोल तोंड उघडलं. पाणी आत गेलं, तिचं, तारूचं, शेवंतीकाकींचं, सगळ्यांचं, कालवांच्या नि गोबऱ्यांच्या पाण्यात मिसळलेलं.

केतकीनं त्याच्या ओल्या पिवळ्या पाठीवर थाप मारली.

“घे,” ती म्हणाली, “आता कर वजा.”